फेस ओसरल्यानंतरचा हिशेब

२९ जानेवारी २०२२ रोजी सकाळी गांधीधाम–पुरी एक्स्प्रेसच्या पँट्री कारला नंदुरबार स्थानकाजवळ आग लागली. आग विझली, कुणाचा जीव गेला नाही आणि बातमी तिथेच संपली. संपायलाही हवी होती, कारण आगीच्या बातमीत माणसे वाचली की नाही हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर समाधानकारक होते. त्या दिवशी बंबांतून काय मारले गेले, हा इथला मुद्दा नाही. कोणतीही मोठी आग विझली की ती विझवायला ओतलेले पाणी उताराच्या दिशेने निघते आणि त्यात काही मिसळलेले असेल तर तेही सोबत जाते. ते कोणत्या नाल्यात उतरते, कोणत्या डोहात थांबते आणि त्या डोहावर मे महिन्यात कोण पाणी प्यायला येते, या प्रश्नांची नोंद ठेवायला आगीच्या अहवालात रकाना नसतो. पुढच्या पानांचा विषय तो न भरलेला रकाना आहे. अग्निशमन फोममधल्या रसायनांपासून वन्यजिवांना किती धोका आहे हे कसे ठरवायचे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ते कोणत्या टोकाकडून मोजायला लागायचे, एवढेच इथे मांडायचे आहे. माझे म्हणणे असे की हा हिशेब मेलेल्या प्राण्यापासून सुरू केला तर तो कधीच पुरा होणार नाही. तो फोमच्या पिंपापासून सुरू करावा, पाण्याच्या वाटेने पुढे न्यावा आणि प्राण्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचावा.

आधी हा फेस काय आहे ते पाहू. लाकूड, कागद, कापूस यांची आग पाण्याने विझते. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल पेटले तर नुसते पाणी त्याच्या तळाशी जाते आणि जळते तेल पाण्यावर तरंगत आणखी पसरते. यावर १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने थ्रीएम कंपनीच्या साथीने एक तोड काढली. फ्लोरिनयुक्त रसायन घातलेला असा फेस, की ज्यातून पाझरणारे पाणी तेलाच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्र्यासारखे पसरते, वाफ कोंडते आणि आग पुन्हा भडकू देत नाही. २९ जुलै १९६७ रोजी ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर लागलेल्या आगीत १३४ नौसैनिक गेले. त्यानंतर हा फोम नौदलात, मग विमानतळांवर, तेलाच्या डेपोंत आणि शेवटी जगभरच्या अग्निशमन दलांत पोचला. आपल्याकडचे जवान त्याला फोम कंपाउंड म्हणतात. ते पिंपातून किंवा कॅनमधून येते आणि सहसा ३ किंवा ६ टक्के प्रमाणात पाण्यात मिसळून मारले जाते. त्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच गोष्टीतून येतात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की आगीत तो टिकतो, आणि मग मातीत, पाण्यात, जिवाणूंच्या तावडीत आणि प्राण्याच्या यकृतातही टिकतो. पीएफएएस या हजारो रसायनांच्या कुळाला ‘फॉरएव्हर केमिकल्स’ हे नाव याच गुणावरून पडले. त्या कुळातले पीएफओएस हे जुन्या फोममधले सर्वांत बदनाम रसायन. थ्रीएमने मे २००० मध्ये त्याचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्याच्यावर जागतिक बंधने घातली, २०१९ मध्ये पीएफओए आणि २०२२ मध्ये पीएफएचएक्सएस ही त्याची भावंडे त्या यादीत गेली. भारत या कराराचा सदस्य आहे, पण नव्याने यादीत येणारे प्रत्येक रसायन आपण वेगळी मान्यता दिल्यावरच आपल्याला लागू होते. २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा सात रसायनांना मान्यता दिली, तेव्हा त्या सातांत पीएफओएस नव्हते.

फोमचे धोके दोन जातींचे असतात, आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर सगळी चर्चा गढूळ होते. पहिला धोका तात्काळचा. कोणताही फोम, मग त्यात फ्लोरिन असो वा नसो, शेवटी साबणाच्या जातीचाच असतो. तो ओढ्यात थेट गेला तर माशांच्या कल्ल्यांवरचे आवरण बिघडते, आणि तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचून घेतो. असे मासे दुसऱ्या दिवशी पालथे तरंगताना दिसतात, लोक फोटो काढतात, पंचनामा होतो. हा धोका दिसतो आणि ओसरतोही. एखादा पाऊस झाला की पाणी सावरू लागते. दुसरा धोका फ्लोरिनचा. त्यात मासे तरंगत नाहीत. जून २००० मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या पिअरसन विमानतळावर फोमची यंत्रणा चुकून सुरू झाली आणि सुमारे २२ हजार लिटर फोम एटोबिको या ओढ्यात उतरला. संशोधकांनी पुढचे पाच महिने त्या ओढ्यातले पाणी आणि मासे तपासले. माशांच्या यकृतात पीएफओएसचे प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारो पट निघाले. पाणी वाहते म्हणून ते धुऊन निघेल, ही सर्वसामान्य समजूत तिथेच मोडली. त्याच्या पुढच्याच वर्षी जॉन गीसी आणि कुरुंथाचलम कन्नन या शास्त्रज्ञांनी ध्रुवीय अस्वले, सील, गरुड, अल्बट्रॉस अशा एकमेकांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या प्राण्यांच्या शरीरांत पीएफओएस सापडल्याचे जाहीर केले. भारतातही गंगेच्या डॉल्फिनांच्या शरीरात ही रसायने सापडल्याची नोंद २००९ मध्ये झाली. तिचा फोमशी संबंध जोडता येत नाही. पण आपल्या नद्या या कुळाला अनोळखी नाहीत, एवढे त्यावरून कळते.

प्राण्याच्या शरीरात हे रसायन डीडीटीसारखे चरबीत साठत नाही. ते रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटते. यातून एक फार महत्त्वाचा भेद निघतो. मासा पाण्यात श्वास घेतो, आणि कल्ल्यांवाटे तो या रसायनाचा काही भाग परत पाण्यात सोडू शकतो. खंड्या, बगळा, पाणकावळा, पाणमांजर, मगर हे हवेत श्वास घेणारे जीव तसे करू शकत नाहीत, म्हणून मासे खाणाऱ्याच्या अंगात ते माशापेक्षा वरच्या पातळीला जाते. प्रयोगशाळेतल्या उंदरावरून अंदाज बांधतानाही इथे जपावे लागते. उंदराच्या शरीरातून पीएफओएस निम्मे व्हायला महिना-दोन महिने लागतात, माणसाच्या शरीरातून निम्मे व्हायला काही वर्षे. जातीगणिक हा काळ इतका बदलतो की एका प्राण्याचा सुरक्षित आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरते. परिणामांचा पुरावाही एकरंगी नाही, आणि तो तसा दाखवूही नये. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका अभ्यासात झाडावर घरटी करणाऱ्या पाकोळ्यांच्या अंड्यांत पीएफओएस वाढले तसे पिले बाहेर पडण्याचे प्रमाण घटले. उलट बेल्जियममध्ये अँटवर्पच्या थ्रीएम कारखान्याजवळच्या वल्गुलींच्या अंड्यांत जंगली पक्ष्यांत क्वचितच आढळावे इतके रसायन सापडूनही प्रजननावरचा परिणाम अपेक्षेपेक्षा सौम्य दिसला. ज्याला ‘विष आहे की नाही’ एवढेच हवे आहे त्याला हा पुरावा वैतागवाणा वाटेल. धोका मोजणाऱ्याला मात्र तो नीट उपयोगी पडतो, कारण कोणती जात, कोणते पाणी आणि किती काळ हे प्रश्न टाळता येणार नाहीत, हे तो सांगतो.

आता नंदुरबारचा नकाशा समोर घेऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेला नर्मदेला टेकतो, मधून सातपुड्याच्या रांगा जातात आणि दक्षिणेला तापीचे खोरे पसरते. फोमचा विचार करताना बहुतेकांचे डोळे आधी सातपुड्याकडे वळतील, कारण आगी तिथे लागतात. दर उन्हाळ्यात मोहाखालचा पालापाचोळा पेटतो, डोंगर जळतो, वणव्याच्या बातम्या येतात. पण इथे विषयाचा रोख बदलावा लागतो. वणवा विझवणारे वनमजूर हिरव्या फांद्यांचे झोडपणे, जाळरेषा आणि हवेचे ब्लोअर यांवर चालतात; पेट्रोलसाठीचा फोम घेऊन तोरणमाळच्या कड्यावर कुणी चढत नाही. फोमचा धोका सातपुड्याच्या पायथ्याखाली आहे, सपाटीवर आहे. सुरत-धुळे महामार्ग नवापूर, विसरवाडी करत कोंडाईबारीच्या घाटाला लागतो आणि त्यावरून टँकर रात्रंदिवस जातात. तापी खोऱ्यातून जाणारी रेल्वे आहे, नवापूरची औद्योगिक वसाहत आहे. शहादा-नंदुरबार पट्ट्यात साखर कारखानदारी आहे. ज्या कारखान्यात मद्यार्क किंवा इथेनॉल साठवतात तिथे साधा फोम चालत नाही. मद्यार्क त्या फेसाचे पाणी शोषून घेतो आणि फेस बसतो, म्हणून तिथे खास वेगळा फोम लागतो. थोडे पूर्वेला शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी स्फोट होऊन अनेक माणसे मेली, तेही तापीचेच खोरे. आणि या सगळ्या जागांवरचे पाणी शेवटी तापीतच उतरते. नवापूरची रंगावली उकाईच्या जलाशयाला मिळते. शहाद्याची गोमाई प्रकाशाला तापीत जाते. प्रकाशा आणि सारंगखेडा इथे बॅरेजेस आहेत. खाली उकाई, आणि त्याच्याही खाली सुरत.

एक साधे गणित करू. २०० लिटरच्या एका पिंपात जुन्या पद्धतीचे फोम कंपाउंड आहे आणि त्यात वजनाने १ टक्का पीएफओएस आहे असे धरले, तर त्या पिंपात सुमारे २ किलो पीएफओएस झाले. युरोपीय संघाने नद्या-तलावांच्या पाण्यासाठी २०१३ मध्ये ठरवलेली वार्षिक सरासरीची मर्यादा लिटरला ०.६५ नॅनोग्रॅम आहे. २ किलो रसायन या पातळीला आणायला सुमारे ३ अब्ज घनमीटर स्वच्छ पाणी लागेल. उकाईची साठवणक्षमता ७ अब्ज घनमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे एका पिंपाला जवळजवळ अर्धे उकाई. प्रत्यक्षात असे समान मिसळणे होत नाही, बरेचसे रसायन मातीत आणि गाळात अडकते. आजच्या बहुतेक नव्या फोमांत पीएफओएसही नसते. शिवाय ती मर्यादाही मासे खाणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून कडक ठरवलेली आहे. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ‘आमच्याकडे फोम फार थोडा वापरतात’ हे वाक्य इथे दिलासा म्हणून चालत नाही. सांडपाण्याच्या, खताच्या, कीटकनाशकाच्या बाबतीत थोडे म्हणजे खरेच थोडे असते. या रसायनाची मोजपट्टीच वेगळी आहे.

आणि हे पिंप कधी सांडते यावर सगळे अवलंबून आहे. ऑगस्टमध्ये घाटात टँकर उलटला, आग लागली, फोम मारला, तर भरलेले ओढे ते काही तासांत खाली नेतात. रंगावलीला पूर आला तर काय होते हे नवापूरने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिलेच आहे. तेव्हा धोका पातळ होतो आणि दूर जातो, उकाईच्या गाळात आणि माशांत वाटला जातो. तोच अपघात एप्रिलच्या शेवटी झाला तर ओढा वाहत नसतो. फेस नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरतो, वाळूत मुरतो, आणि जिथे कातळाने पाणी अडवून डोह राहिला आहे तिथे जाऊन बसतो. त्या महिन्यात दोन-चार मैलांच्या परिसरातली सगळी तहान त्या डोहावर येते: माकडे, रानडुकरे, तरस, बिबट्या, ढोकरी, खंड्या, गावची गुरे, आणि वाळूत झिरा खणून पाणी काढणाऱ्या बायाही. वर्षभर विखुरलेले प्राणी ज्या आठवड्यांत एका पाण्याला बांधलेले असतात त्याच आठवड्यांत ते पाणी सर्वांत कमी असते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात होलोमन हवाई तळाच्या सांडपाण्याने बनलेली तळी आहेत. कोरड्या मुलखातले एकमेव पाणी म्हणून तिथे स्थलांतरित बदके आणि लहान सस्तन प्राणी जमतात. तिथल्या वीसहून अधिक जातींच्या प्राण्यांत पीएफएएसची आतापर्यंत नोंदवलेल्यांपैकी अतिशय वरची प्रमाणे सापडल्याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयात जपलेल्या १९९४ च्या नमुन्यांतही ती होती. होलोमनवर अनेक दशके फोम वापरला गेला. नंदुरबारची तुलना प्रमाणाशी नाही. तुलना रचनेशी आहे. कोरड्या प्रदेशात दूषित पाणी प्राण्यांना हाकलत नाही, बोलावते. धोक्याचे बहुतेक तयार तक्ते पाऊस आणि प्रवाह बारमाही असलेल्या देशांत बनले आहेत. ते इथे आणताना महिन्याचा रकाना त्यात आपणच घालायला हवा.

नंदुरबारच्या निसर्गाचा विषय निघाला की रानपिंगळ्याचे नाव येणारच, आणि यायलाही हवे, पण ज्या कारणासाठी सहसा येते त्यासाठी नव्हे. १८८४ नंतर कुणाला खात्रीने न दिसलेला हा लहानसा पिंगळा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा सापडला. त्यानंतर तोरणमाळ-तळोदा भागातही त्याच्या नोंदी झाल्या. मधली शंभर-सव्वाशे वर्षे तो कुठे होता? जिथे होता तिथेच. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला आपण त्याचा नमुना मिळवल्याचा दावा केला होता. रासमुसेन यांनी दाखवून दिले की तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, चिठ्ठी बदलून, स्वतःचा म्हणून मिरवलेला होता. मूळ पक्षी जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या अधिकाऱ्याने त्यापूर्वीच टिपलेला होता. खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोध घेतला तेव्हा पक्षी सापडला. फोमच्या संदर्भात मला या हकिगतीतून पक्ष्यापेक्षा पद्धत हवी आहे. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा तेव्हाच होतो, जेव्हा योग्य जागी, योग्य वेळी पाहिलेले असते. खुद्द रानपिंगळ्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर फोमच्या धोक्यात तो यादीच्या तळाला राहील. तो उघड्या सागवनात राहतो, सरडे, उंदीर आणि मोठे किडे खातो, आणि त्याची वस्ती महामार्गापासून दूर, वरच्या बाजूला आहे. त्याचे खरे शत्रू अतिक्रमण आणि वृक्षतोड. एखाद्या प्रसिद्ध प्राण्याचे नाव पुढे करून धोका वाढवून सांगण्याचा मोह पर्यावरणाच्या लेखनात नेहमी असतो. इथे तो आवरावा. यादीच्या वर ज्यांनी असायला हवे ते जीव साधे आहेत: तापी आणि रंगावलीचे मासे व खेकडे, त्यांच्यावर जगणारे खंड्या, बगळे, पाणकावळे, आणि डोहाशी बांधलेले सगळे.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतला पहिला सर्वांत वजनदार आहे. टँकर पेटलेला असताना चालक आत अडकलेला आहे, शेजारी वस्ती आहे, तेव्हा जवानाने बगळ्याचा विचार करायचा काय? नाही करायचा. आगीसमोर उभ्या माणसाला एकच आज्ञा असावी, आणि ती माणूस वाचवण्याची. पण जगभर फोमचे प्रदूषण जिथे गंभीर झाले त्या जागा पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी दोष आगीचा निघत नाही, सरावाचा निघतो. विमानतळांवर आणि लष्करी तळांवर वर्षानुवर्षे त्याच मैदानात तेल पेटवून फोम मारण्याचा सराव झाला, यंत्रणांची चाचणी म्हणून पिंपे रिकामी झाली, मुदत संपलेला माल गटारात गेला. यातल्या एकाही थेंबाने कुणाचा जीव वाचवलेला नव्हता. सराव फ्लोरिन नसलेल्या सराव-फोमवर घेता येतो, चाचणीचे पाणी अडवता येते. आणि खऱ्या आगीतही पर्याय कधीकधी असतो. इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेलडेपोची डिसेंबर २००५ मधली आग फोमच्या प्रचंड माऱ्याने विझवली आणि नंतर तिथल्या भूजलात पीएफओएस शोधत बसावे लागले. जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या डेपोला २९ ऑक्टोबर २००९ रोजी लागलेली आग जळून संपू दिली गेली. यातले कोणते बरोबर, हा वाद इथे सोडवायचा नाही. प्रत्येक वेळी जास्तीत जास्त फोम हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे असे अग्निशमनशास्त्रही मानत नाही, एवढेच यातून घ्यायचे.

दुसरा आक्षेप असा की नवे फोम सुरक्षित आहेत. पीएफओएसच्या जागी आलेल्या सहा कार्बनी साखळीच्या फोमांतली रसायने प्राण्यांत कमी साठतात हे खरे. पण ती टिकतात तितकीच, पाण्यात अधिक वेगाने फिरतात आणि झाडांच्या पानांत चढतात. म्हणजे मासे खाणाऱ्याची चिंता थोडी हलकी होऊन चारा खाणाऱ्याची सुरू होते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये या लहान साखळीच्या रसायनावरही निर्बंध आणले आणि २०२५ मध्ये फोममधल्या संपूर्ण पीएफएएस कुळावर टप्प्याटप्प्याने बंदी ठरवली. फ्लोरिन नसलेला फोम आता विमानतळांवरही वापरात आहे. तो साबणाच्या जातीचा तात्काळचा त्रास देतोच, पण तो ओसरतो. इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. श्रीमंत देशांत एखादी वस्तू नको झाली की तिचा माल, यंत्रे आणि ज्ञान दुसरीकडे बाजार शोधतात. इटलीत विचेन्झाजवळच्या मितेनी या कारखान्याने पीएफएएसने भूजल बिघडवले, कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि तिची यंत्रसामग्री विकली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने त्या कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. लोट्याचा फोमशी थेट संबंध नाही. तरी हा विषय परदेशी आहे असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाने कोकणाकडे एकदा पाहावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो मनापासूनचा असतो. ज्या जिल्ह्यात कुपोषण आहे, सिकलसेल आहे, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी डोंगर चढावे लागतात, तिथे नॅनोग्रॅमच्या गप्पा ही चैन नव्हे काय? चैन झाली असती, जर वन्यजिवांचे पाणी आणि माणसांचे पाणी वेगळे असते. उकाईच्या फुगवट्यात जाळे टाकणारी कुटुंबे जे मासे खातात तेच मासे पाणकावळा खातो. ओढ्यातले खेकडे भिल्ल, कोकणा, गावित घरांच्या ताटात येतात आणि तेच खेकडे बगळाही टिपतो. गरिबाच्या आहारातली प्रथिने जिथून येतात तिथे साठणारे रसायन हा गरिबाचाच प्रश्न आहे. गिधाडांच्या बाबतीत आपण हा धडा उशिरा शिकलो. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांतून गिधाडांत जाते ही वाट कुणी नकाशावर काढलेली नव्हती. गिधाडे मरण्याचे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर देशातली गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक घटली होती. आणि नमुने घेणे, ते दूरच्या प्रयोगशाळेत पाठवणे हे या जिल्ह्याला अशक्य आहे असे तर म्हणूच नये. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरातच निश्चित झाला, तो इथले नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले म्हणून.

मग सुरुवात कुठून? प्रयोगशाळेतून नाही, कारण पीएफएएस मोजणारी यंत्रे महाग आहेत आणि आधी प्रश्न न ठरवता घेतलेले शंभर नमुने शंभर निरर्थक आकडे देतात. सुरुवात कागदापासून. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दर जानेवारी आणि जुलैत आपली अग्निशमन व्यवस्था चालू असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावे लागते. फोम कुठला, किती लिटर, कोणत्या वर्षीचा, फ्लोरिनचा की बिनफ्लोरिनचा, आणि गेल्या सहा महिन्यांत चाचणीत किती सांडला, या चार-पाच ओळी त्याच कागदासोबत मागवायला नवा कायदा लागत नाही. नगरपालिकांची अग्निशमन दले, रेल्वे, कारखाने यांची अशी यादी झाली की प्रत्येक नोंदीपुढे एकच गोष्ट लिहायची: इथले पाणी कोणत्या नाल्याने कुठे जाते आणि एप्रिलमध्ये त्या नाल्यावर पहिला टिकणारा डोह कोणता. ही माहिती संगणकात नसते. ती तलाठ्याला, कोतवालाला, वनरक्षकाला आणि गुराख्याला तोंडपाठ असते. यातून फार तर दहा-पंधरा ठिकाणे वर येतील, आणि मग तिथे पाणी, गाळ आणि माशांचे यकृत तपासणे परवडते. अंडी हवी असतील तर उबवून न फुटलेली, टाकून दिलेली घ्यावीत; पक्ष्यांना त्रास न देता ती बोलतात. रस्त्यावर मेलेल्या बिबट्याचे शवविच्छेदन वनविभाग करतोच, त्यातला यकृताचा एक तुकडा गोठवून ठेवायला खर्च नाही; तो आज तपासला नाही तरी दहा वर्षांनी तपासता येतो. होलोमनचा १९९४ चा नमुना कुणीतरी असाच जपला होता. स्वच्छ निघालेले आकडेही जपावेत, कारण पुढची मोठी आग लागण्यापूर्वीचे पाणी कसे होते हे नंतर कोणत्याही पैशाने मोजता येत नाही, आणि नंदुरबारला ती संधी अजून आहे.

यादी झाल्यावर एक अडचण लगेच समोर येईल, म्हणून ती इथेच नोंदवतो. जुनी, मुदत संपलेली पिंपे सापडतील आणि त्यांचे काय करायचे हे कुणाला ठाऊक नसेल. सर्वांत सोपी वाट नाल्याची आहे आणि कुणी पाहत नसेल तर तीच धरली जाईल. ही रसायने साध्या भट्टीत जळत नाहीत, त्यांचा बंध तोडायला हजार अंशांहून बरीच अधिक उष्णता टिकवावी लागते; नुसते पुरले तर ती झिरपत राहतात. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रे आहेत. तिथपर्यंतची वाहतूक कुणाच्या खर्चाने, जाळण्याची सोय पुरेशा तापमानाची आहे की नाही हे कोण तपासणार, आणि तोवर ती पिंपे कोणत्या पक्क्या फरशीवर, कोणत्या कुलपाखाली ठेवायची, हे जिल्हाधिकारी कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अग्निशमन अधिकारी यांनी यादी मागवण्याआधी ठरवावे, यादी आल्यानंतर नव्हे.